पेटत्या फायरप्लेसवर टीव्ही लावायचाय? पाचगणी-महाबळेश्वरकडून वारंवार येणारे प्रश्न

सातारा शहरात फायरप्लेस फारशा कुणाकडे नाहीत. पण पसरणीचा घाट चढला की चित्र बदलतं. पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत गोऱ्या साहेबांनी बांधलेल्या फायरप्लेस आहेत, आणि नव्या व्हिलांमध्ये त्यांची नक्कल. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात आले की आमचा फोन वाजायला लागतो: "दिवाणखान्यात टीव्हीला तीच एक जागा दिसते, लावून द्याल का?" मी टीव्ही, डिश आणि घरगुती वायरिंगची कामं करतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तराचं शेपूट दुसऱ्यात अडकतं.

१. एका वाक्यात सांगा, पेटत्या फायरप्लेसवर टीव्ही लावता येतो की नाही?

लावता येतो, पण आधी तुमच्या भिंतीवर, तुमच्या लाकडांनी, तीन तास आग पेटवून तापमान मोजल्याशिवाय मी भोक पाडत नाही. मोजल्यावर निम्म्याहून जास्त घरांत मी "नको" म्हणूनच परत आलोय. कसं मोजायचं ते प्रश्न ४ मध्ये.

२. आमची फायरप्लेस खरी आहे की नुसती शोभेची, हे कसं कळणार? बंगला नुकताच घेतलाय.

दिवसा आत डोकं घालून वर टॉर्च मारा. वर उजेडाचा ठिपका दिसला किंवा थंड वारा अंगावर आला तर धुराडं उघडं आहे. लोखंडी झडप दिसली तर ती हलते का पाहा, बहुतेक वेळा गंजून बसलेली असते. वर विटा किंवा स्लॅब दिसला तर कुणीतरी ते कधीच बुजवलंय. मग ती फायरप्लेस नाही, कोनाडा आहे. वर टीव्ही खुशाल लावा, फक्त पुढच्या मालकाने उत्साहात आग पेटवू नये म्हणून आत कुंडी ठेवा.

नव्या व्हिलांत आणखी एक प्रकार दिसतो: बाहेरून दगडी टाइल आणि आत जिप्सम बोर्डाचा पोकळ खोका. त्यात खरी आग पेटवायचीच नाही. मागे सांगलीच्या एका गृहस्थांनी हॉलमध्ये असाच खोका करून घेतला आणि फोटो पाठवून विचारलं, "लाकूड कोणतं वापरू?" सांगलीत, जिथे मार्चपासून पंख्याखाली बसावं लागतं! त्यांना आत दिव्यांची माळ लावायला सांगितली, फोटो छान आला.

३. टीव्हीला किती उष्णता चालते? उन्हाळ्यात खाली साताऱ्यात ४० अंश होतं, तेव्हा तर काही होत नाही.

बहुतेक कंपन्या माहितीपुस्तिकेत चालू टीव्हीसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ४० अंश सेल्सिअस देतात. ही टीव्हीबाहेरच्या हवेची मर्यादा आहे. टीव्ही स्वतःही तापतो, त्यामुळे त्याच्या पोटात आधीच त्याहून जास्त असतं. उन्हाळ्यात पंखा चालू असतो, हवा खेळती असते, गरम हवा निघून जाते. फायरप्लेसवर मात्र खालून सतत गरम हवेचा लोट येतो, आणि टीव्हीच्या पाठीच्या ज्या जाळीतून उष्णता बाहेर पडायची तिथूनच तो आत शिरतो.

टीव्ही एका रात्रीत जळत नाही, म्हणून लोक फसतात. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर हळूहळू सुकतात. त्यांच्याबाबत ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं तर आयुष्य साधारण निम्मं होतं. पडद्यामागच्या पांढऱ्या शीट वाकतात, एलईडी पट्ट्यांवरच्या भिंगांचा गोंद सुटतो आणि पडद्यावर पांढरे ठिपके दिसू लागतात. प्लास्टिकची चौकट खालच्या कडेला पिवळी पडते. दोन हिवाळे टीव्ही छान चालतो, तिसऱ्याला लाल दिवा लुकलुकतो आणि चित्र येत नाही.

४. भिंत किती तापते हे घरच्या घरी कसं मोजायचं?

सगळ्या कामाचा जीव यातच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, दोन-तीन मिळाले तर उत्तम. टीव्ही जिथे येणार तिथे भिंतीवर खडूने चौकट आखा. ४३ इंचांचा टीव्ही साधारण ९६ सेंटिमीटर रुंद आणि ५६ उंच असतो. ५५ इंचांचा सुमारे १२३ बाय ७१. मग त्याच मापाचा पुठ्ठा कापून भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे राहील असा टांगा. पुठ्ठा यासाठी की टीव्ही मागची हवा कोंडतो. मोकळ्या भिंतीवर मोजलेला आकडा नेहमी कमी येतो आणि आपण खूश होतो. एक सेन्सर पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला मधोमध, एक पाठीमागे मध्यावर, एक वरच्या कडेला. सेन्सर भिंतीला चिकटवू नका, हवेत लोंबू द्या. हातातली इन्फ्रारेड गन असेल तर तिने भिंतीचा पृष्ठभाग वेगळा मोजा; चकचकीत टाइलवर मात्र ती चुकीचं दाखवते.

आता आग पेटवा, आणि पाहुणे आले की जशी पेटवता तशीच. पुठ्ठा टांगलेला आहे, तेव्हा खोली सोडून जाऊ नका. दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. आग विझल्यावरही दीड-दोन तास लिहीत राहा. नेमकं हेच सगळे विसरतात.

पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्यातली माझी वही समोर आहे. सुरुवातीला हॉलमध्ये १७ अंश. तासाभराने पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला २९, दोन तासांनी ३८, तीन तासांनी ४४. मालकीणबाई म्हणाल्या, "आता आग उतरली, बास की." थांबलो. निखारे राख झाल्यावर तासाभराने पाठीमागचा आकडा ४७ झाला होता. दगडाची जाड भिंत उष्णता उशिरा घेते आणि उशिरा सोडते. म्हणजे रात्री आग विझल्यावर सगळे क्रिकेट बघत बसतात, तेव्हाच टीव्हीची पाठ सगळ्यात जास्त भाजत असते. तिथले माळीमामा हे सगळं दारातून बघत होते. शेवटी म्हणाले, "कशाला एवढं मोजताय, माझे मोजे त्या फळीवर अर्ध्या तासात वाळतात."

माझा हिशोब असा: सगळ्यात वरचा आकडा ३२-३३ च्या आत राहिला तर लावा. ३३ ते ३८ असेल तर फळी रुंद करून (प्रश्न ५) पुन्हा मोजा. त्याच्या वर गेला तर विषय सोडा आणि प्रश्न १६ वाचा. सरळ ४० वर रेघ का ओढत नाही? कारण पुठ्ठा स्वतः तापत नाही, टीव्ही तापतो.

लाकडानेही फरक पडतो. बाभूळ सावकाश जळते आणि जबर तापते, सिल्व्हर ओक भरभर जळून जातो. ओकवर मोजून मग हिवाळाभर बाभूळ जाळलीत तर तुमचा आकडा खोटा ठरेल.

५. आमच्या फायरप्लेसवर लाकडी फळी आहे. तिच्याने उष्णता अडते ना?

अडते, पण फळी पुरेशी बाहेर आलेली असेल तरच. गरम हवा फायरप्लेसच्या तोंडातून निघते आणि भिंतीला चिकटून वर चढते. फळी तिला खोलीकडे ढकलते. चार बोटं रुंदीची नक्षीदार पट्टी फोटोपुरती असते. टीव्हीच्या जाडीपेक्षा किमान दहा-बारा सेंटिमीटर जास्त बाहेर येणारी आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना पुढे जाणारी फळी कामाची. टीव्हीची खालची कड आणि फळी यांत पंधरा सेंटिमीटर मोकळे सोडा, नाहीतर फळीवरून वळलेली हवा तिथेच घुटमळते.

पण लाकडी फळी रुंद करताना तीच पेटणार नाही हेही बघावं लागतं. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड लावायला मनाई आहे, आणि ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात दर इंच अंतरामागे लाकूड एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त बाहेर येऊ नये असं म्हटलंय. म्हणजे रुंद फळी हवी तर ती तोंडापासून फूटभर वर हवी. खाली बसवायची असेल तर दगडाची घ्या. कडप्प्याची जाड फरशी भिंतीत खोल रुतवून खाली दोन ब्रॅकेट दिले की काम होतं, आणि दिसतंही बरं.

६. एवढ्या उंचावर लावला तर मान दुखेल का?

दुखेल. किती, ते सोफा टीव्हीपासून किती दूर आहे यावर. जुन्या बंगल्यांत फळी साधारण १३० सेंटिमीटरवर असते. वर पंधरा सोडले की टीव्हीची खालची कड १४५ वर, आणि ४३ इंचांच्या टीव्हीचा मध्य १७३ वर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे १०५ च्या आसपास. फरक ६८ सेंटिमीटर. सोफा टीव्हीपासून तीन मीटरवर असेल तर नजर साधारण १३ अंश वर करावी लागते, सव्वादोन मीटरवर असेल तर १७ अंश. पंधराच्या आत असलं की सोफ्याला मागे रेलून सिनेमा निघतो, त्यापुढे मध्यंतरालाच मान चोळायला लागते.

टीव्ही खाली झुकवणारं ब्रॅकेट लावलं की मान वाचेल हा गैरसमज आहे. झुकवल्याने खिडकीचं प्रतिबिंब जातं, रंगही सरळ दिसतात. मान तेवढीच वर राहते.

७. मग खाली ओढता येणारं स्टँड मिळतं म्हणे, ते चालेल का?

चालतं, पण दोन अटी. एक: आग चालू असताना टीव्ही खाली ओढायचा नाही. तो सरळ फायरप्लेसच्या तोंडासमोर येतो आणि मोजलेलं सगळं पाण्यात जातं. लोकांना हे पटतं आणि तरी ते ओढतात. दोन: भिंतीवर पडणारा भार. समजा टीव्ही १६ किलोचा आहे आणि स्टँडचा हात ५० सेंटिमीटर पुढे आला. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे बोल्ट २० सेंटिमीटर अंतरावर असतील तर वरच्या बोल्टांवर बाहेरच्या दिशेने ४० किलोंची ओढ येते, स्टँडचं वजन वेगळं. साध्या चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटला जे फास्टनर पुरतात ते इथे पुरत नाहीत. जांभ्याच्या भिंतीत तर मी हे स्टँड थेट लावतच नाही.

८. भिंत जांभ्याची आहे. कंपनीचा माणूस म्हणाला फास्टनर धरणार नाही. खरं आहे का?

त्याने वापरलेला फास्टनर धरणार नाही हे खरं आहे. टीव्हीच्या खोक्यात येणारे प्लास्टिकचे रावळ प्लग आणि बाजारातले फुगणारे लोखंडी फास्टनर काँक्रीट आणि पक्क्या विटेसाठी असतात. ते भोकात फुगतात, भिंतीला आतून दाबतात आणि त्या दाबावर टिकतात. जांभा मऊ आणि छिद्राछिद्रांचा. फास्टनर आवळला की दगड आतल्या आत भुगा होतो, बोल्ट गरागरा फिरतो आणि मिस्त्री म्हणतो, "झालं टाइट." दीड महिन्याने टीव्ही तिरका.

जांभ्यात हॅमर मोड बंद ठेवून साध्या फिरकीनेच भोक पाडायचं. सांध्यात नाही, दगडाच्या पोटात. भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने काढून, जाळीची नळी घालून त्यात केमिकल अँकर (रॉड घट्ट धरणारा रासायनिक मसाला) भरायचा आणि रॉड बसवून एक दिवस हात लावायचा नाही. इथे एक मेख आहे. केमिकल उष्णतेने नरम पडतं. पाकिटावर कमाल तापमान दिलेलं असतं, ते तुमच्या भिंतीच्या पृष्ठभागाच्या आकड्याशी ताडून बघा. फायरप्लेसच्या भिंतीचा मधला पट्टा बऱ्याचदा त्यातच नापास होतो.

म्हणून अशा ठिकाणी मी लोखंडी अँगलची आडवी चौकट करतो. धुराड्यासमोरच्या गरम पट्ट्याला हातच लावायचा नाही. दोन्ही बाजूंच्या थंड भिंतीत चार-चार रॉड आणि मधे चौकट, चौकटीवर ब्रॅकेट. टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे येतो, मागून हवा खेळते, हा फुकटचा फायदा. वाईच्या एका वेल्डरकडून मी अशा चौकटी करून घेतो. पहिल्या वेळी माप दोन सेंटिमीटर चुकलं म्हणून भर दुपारी घाट उतरून पुन्हा चढलो होतो. तेव्हापासून माप तीनदा घेतो.

काळ्या दगडाची भिंत असेल तर उलटा त्रास: पकड उत्तम, पण बिट झिजून जातात. विटेची असेल तर विटेच्या मध्यावर भोक घ्या, सांध्यातला जुना चुना काहीच धरत नाही.

९. भोक पाडताना धुराड्यापर्यंत गेलं तर?

जाऊ द्यायचं नाही. धुराड्याची पुढची भिंत काही ठिकाणी अर्ध्या विटेची, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटरची असते. ड्रिलच्या बिटावर सहा सेंटिमीटरला टेप गुंडाळा आणि तिथे थांबा. भुकटी अचानक काळी यायला लागली किंवा बिट सटकन आत गेलं तर तुम्ही धुराड्यात पोचलात. ते भोक सोडा, आगीला टिकणाऱ्या सिमेंटने बुजवा, आणि बुजेपर्यंत आग पेटवू नका. त्या भोकातून नुसता धूर येत नाही, कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला वास नसतो. फायरप्लेस असलेल्या खोलीत या वायूचा अलार्म असलाच पाहिजे, टीव्ही असो वा नसो.

१०. वायर दिसू नये म्हणून धुराड्यातून खाली घेतली तर चालेल?

अजिबात नाही. हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण मला तो तीनदा आलाय, आणि एकदा काम आधीच झालेलं होतं. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतं. धुराड्यात त्याच्या कितीतरी पट तापतं.

वायर बाजूच्या थंड भिंतीतून न्या. जुनी भिंत फोडायची नसेल तर केसिंग-कॅपिंग (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) भिंतीच्याच रंगात रंगवा, चार दिवसांनी दिसेनाशी होते. प्लगचा बोर्ड टीव्हीच्या मागे मधोमध नको, एका कडेला घ्या. सेट-टॉप बॉक्सही वर ठेवू नका, बाजूच्या कपाटात ठेवा. त्यासाठी एचडीएमआय केबल लांब लागते. पाच मीटरपर्यंत साधी चांगली केबल चालते, त्यापुढे ४के चित्र अडखळू लागतं. मग ऑप्टिकल प्रकारची केबल घ्या, पण तिला काटकोनात वाकवू नका.

आणि अर्थिंग तपासून घ्या. एप्रिल-मेच्या वळवात डिशच्या केबलवाटे आलेल्या विजेने जितके टीव्ही गेलेत तितके फायरप्लेसने गेले नसतील. ढग गडगडले की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. महाबळेश्वरात ती केबल माकडं आधीच काढून ठेवतात, तो भाग निराळा.

११. आमच्याकडे पेटवताना थोडा धूर खोलीत येतो. टीव्हीला त्याने काय होणार?

आधी धूर का येतो ते शोधा. कारणं ठरलेली: लाकूड ओलं, झडप अर्धी बंद, धुराड्यात पक्ष्याचं घरटं, किंवा धुराडं थंडगार असल्याने आतली जड हवा धुराला वर जाऊ देत नाही. शेवटच्यावर सोपा उपाय आहे: कागदाचा पेटता बोळा दोन मिनिटं आत वर धरा, मग लाकडं पेटवा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असेल तरी धूर उलटा येतो, कारण फॅन घरातली हवा ओढतो आणि ती हवा धुराड्यातूनच आत येते. बंद करून बघा.

टीव्हीचं म्हणाल तर काजळी तेलकट असते आणि तिच्यात कार्बन असतो. ती पाठीच्या जाळीतून सर्किटवर बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि मग विजेची गळती सुरू होते. वर्षातून एकदा प्लग काढून मागची जाळी मऊ ब्रशने साफ करा. पडद्याला कोरडं मायक्रोफायबर कापड, फार तर पाण्याने किंचित ओलं केलेलं. काच पुसायचा निळा स्प्रे नको. धूर येणं थांबत नसेल तर प्रश्न ४ मधला आकडा कितीही चांगला असो, टीव्ही तिथे नको.

१२. इलेक्ट्रिक फायरप्लेस घेतली तर सगळं सोपं होईल ना?

बरंच सोपं होतं. गरम हवा कुठून बाहेर पडते तेवढं विकत घेण्याआधी बघा. खालून किंवा समोरून पडत असेल तर ठीक. वरच्या कडेच्या फटीतून पडत असेल तर थेट टीव्हीवर. दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणून १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि वेगळी लाइन. टीव्ही आणि हीटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दिसले की मी काम सुरू करण्याआधी तो बोर्ड काढतो.

बायोइथेनॉलच्या बर्नरबद्दलही विचारतात. त्याला धुराडं नसतं, म्हणून लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. पण धुराडं नाही म्हणजे सगळी उष्णता खोलीतच, आणि जळताना पाण्याची वाफही खोलीतच. वरच्या टीव्हीला तो लाकडापेक्षा वाईट ठरू शकतो. मोजूनच ठरवा.

१३. पावसाळ्यात बंगला बंद असतो. टीव्ही भिंतीवरच ठेवायचा का?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उघडं धुराडं म्हणजे घराला वरून भोक. धुराड्याच्या तोंडावर टोपी नसेल तर पाणी आतून झिरपतं आणि नेमकी टीव्हीमागची भिंत ओली होते. पावसाआधी टोपी आणि पत्रा तपासा. झडप बंद करा, पण पुन्हा पेटवण्याआधी ती उघडायची आठवण राहावी म्हणून तिला लाल चिंधी बांधा.

केअरटेकर असेल तर त्याला रोज तासभर टीव्ही लावायला सांगा, त्याच्या उबेने ओल निघते. (आमच्या अनुभवात ही सूचना सगळ्यात आनंदाने पाळली जाते.) कुणीच नसेल तर टीव्ही काढून आतल्या खोलीत सुती चादरीखाली ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतल्या आत घाम सुटतो. पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा आग पेटवाल त्या संध्याकाळी टीव्ही लगेच चालू करू नका. गारठलेल्या टीव्हीवर उबदार दमट हवा लागली की आत दव धरतं. खोली तासभर ऊब धरू द्या. आणि मागची जाळी बघा: त्या उबेला मुंग्या आणि पाली दोन्ही येतात.

१४. ओएलईडी घेऊ की साधा एलईडी?

फायरप्लेसवर साधा. ओएलईडीचे सेंद्रिय थर उष्णतेने लवकर म्हातारे होतात, आणि पैसेही जास्त गेलेले असतात. साध्यातही आयपीएस पॅनेल निवडा, खालून बघताना त्याचे रंग कमी उडतात.

१५. वॉरंटी राहते का?

माहितीपुस्तिकेत उष्णतेच्या जवळ बसवू नका असं छापलेलं असतंच. त्यामुळे खालची कड पिवळी पडलेला टीव्ही दुरुस्तीला गेला तर नकाराची तयारी ठेवा. फुकट बसवून देणारा कंपनीचा माणूस फायरप्लेस बघून परत गेला तर त्याच्यावर चिडू नका. तो बरोबर आहे.

१६. आकडा जास्त आला. आता टीव्ही कुठे लावू?

फायरप्लेसच्या शेजारच्या भिंतीवर. जुन्या बंगल्यांत धुराड्याचा भाग पुढे आलेला असतो आणि दोन्ही बाजूंना खोलगट जागा असते. त्यातल्या एका जागेत बसक्या कपाटावर टीव्ही ठेवला की उंचीही बरोबर येते, भोकंही पाडावी लागत नाहीत. सोफा थोडा वळवायचा. जागा अरुंद असेल तर बाजूच्या भिंतीवर फिरत्या हाताचं ब्रॅकेट; बघायचं नसेल तेव्हा टीव्ही आत ढकलून द्या. तिसरा पर्याय प्रोजेक्टरचा: फायरप्लेससमोर वरून उतरणारा पडदा, पण तो आग विझलेली असतानाच उतरवायचा. मला पहिला पर्याय सगळ्यात आवडतो. तसाही आगीकडे बघायला आलेल्या माणसाला वर टीव्ही कशाला?

१७. दादा, आमचा होमस्टे आहे. पाहुणे ऐकत नाहीत, काय करावं?

तुमचं मोजमाप तुमच्या आगीचं आहे, पाहुण्यांच्या नाही. पाहुणे थर्माकोल, पुठ्ठ्याची खोकी, कधी चक्क रॉकेल टाकतात आणि ज्वाळा फळीपर्यंत येतात. भाड्याने देत असलेल्या घरात पेटत्या फायरप्लेसवर टीव्ही लावायला मी नकार देतो, आकडा कितीही खाली असो. आग तुमचा माणूसच पेटवणार आणि लाकडं मोजून देणार अशी सोय असेल तर विचार करू. खोलीचं दार-खिडकी घट्ट बंद करून कोळशाची शेगडी आत ठेवायची नाही, ही पाटी मात्र मराठी-हिंदी दोन्हीत लावाच.

१८. यासाठी परवानगी लागते का? हा भाग संवेदनशील आहे ना?

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. घरात टीव्ही लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पण धुराड्याची उंची वाढवणं, छपरावरचा भाग पाडणं किंवा नवं धुराडं काढणं हे बांधकामात येतं; आधी गिरिस्थान नगरपालिकेत विचारा. बंगला सरकारी भाडेपट्ट्यावरचा असेल तर करारही वाचा. आणि सरपणासाठी आवारातलं झाड तोडायचं मनात आणू नका, लाकूड वखारीतून घ्या.

१९. टीव्ही गेल्या वर्षीच लावलाय. काढून टाकू का?

लगेच नको. टीव्हीवरच प्रश्न ४ सारखं मोजा: सेन्सर खालच्या कडेला आणि पाठीमागे, टीव्ही बंद, आग तुमची नेहमीची. आकडा ३८ च्या पुढे जात असेल तर टीव्ही दुसरीकडे हलवेपर्यंत एक पथ्य पाळा: आग किंवा टीव्ही, दोन्ही एका संध्याकाळी नाही. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका घरी न मोजता ५५ इंची टीव्ही लावून दिला होता. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या खालच्या कडेला हातभर सावली पडली. नवा टीव्ही अर्ध्या पैशाने दिला आणि शेजारच्या भिंतीवर लावला. आता मोजण्याचा आग्रह धरतो तो त्यामुळेच.

२०. टीव्ही काढल्यावर जांभ्यातली भोकं कशी बुजवायची? सिमेंटचे करडे ठिपके वाईट दिसतात.

भोक पाडताना पडलेली लाल भुकटी फेकू नका, डबीत भरून ठेवा. चुना किंवा पांढरं सिमेंट थोडंसं, भुकटी भरपूर, पाणी जेमतेम. भोक आधी पाण्याने ओलं करायचं, मसाला दाबून भरायचा आणि वरून बोटाने नाही, तर तारेच्या ब्रशने टोचून दगडासारखी छिद्रं करायची. ओला असताना रंग गडद दिसतो, त्यामुळे आधी एका कोपऱ्यात करून, वाळवून बघा. डबी जपली नसेल तर वाटेत जांभ्याचा एखादा तुटका तुकडा मिळतोच. फडक्यात गुंडाळून हातोडीने कुटा.